पाचवी नोंद

कोल्हापूर
९ जुलै २०२५

संघप्रिया,

हे पत्र कॉलेजच्या कामाचं आहे, तेव्हा फाडायच्या आधी एकदा वाच. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून पोस्टाची वाट धरली. नेसरीचा पत्ता बघून खिडकीतला माणूस म्हणाला, राखीला अजून अवकाश हाय की मॅडम. मी म्हटलं, राखी नाही, भांडण आहे.

काम असं. सप्टेंबरात कॉलेज तपासायला बाहेरची समिती येतेय. गेल्या वर्षी प्रत्येक विषयाची उद्दिष्टं काय होती, ती किती विद्यार्थ्यांनी गाठली आणि पुरावा काय, हे सगळं फायलीत लागतं. बी.ए. भाग दोनच्या भूगोलाचा तक्ता तुझ्या सहीसाठी अडलाय. आज तू निलंबित असलीस तरी जानेवारीपर्यंत वर्ग तुझाच होता. सोबतच्या कागदावर फुली मारलेल्या जागी सही कर आणि पाठव.

दुसरं एक विचारायचं आहे. कॉम्प्युटरवरच्या तक्त्याचा पासवर्ड अजून तुझ्याकडे आहे का? काल, मंगळवारी, मी तक्ता उघडला. क्रमांक ४१ च्या ओळीत, खणीच्या प्रात्यक्षिकाच्या पाचव्या रकान्यात, 'बावीस' भरलेलं होतं. जानेवारीत त्या रकान्यात मी स्वतः 'अनुपस्थित' घातलं होतं. बदलाची वेळ दिसते ती कालचीच, अकरा चाळीस. बदल करणाऱ्याचं नाव माझं. अकरा चाळीसला मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पीत होते.

क्रमांक ४१ म्हणजे क्रांती. कॉलेजमागच्या खणीत, त्या जुन्या दगडखाणीच्या पाण्यात बुडून तिला सहा महिने होत आले. तिच्या नावाशी खेळ करू नये एवढंच माझं म्हणणं. तू करत असशील तर थांबव.

चौकशीत तू जो लाल खुणांचा कागद मागत होतीस तो मी पुन्हा शोधला. सापडत नाही. रद्दीत गेला असणार. जे झालं त्याचं मला खूप वाईट वाटतं.

रोहिणी

ता.क. घरी सरुमावशींना नमस्कार सांग. त्यांनी दिलेल्या शेंगा अजून डब्यात आहेत.


कोल्हापूर
२३ जुलै २०२५

संघप्रिया,

माझंच पत्र मला परत आलं. सही नाही, उत्तर नाही. 'मला खूप वाईट वाटतं' या वाक्याखाली लाल रेघ आणि समासात, 'वाटणे मोजता येत नाही. दुसरे क्रियापद वापरावे. पुन्हा सादर करा.' अक्षरसुद्धा माझ्या वळणाचं काढलंस. आधी हसू आलं, मग मी ते पुन्हा वाचलं.

हो, हे माझंच शिक्षण. तीन वर्षं प्रत्येक कार्यशाळेत मी फळ्यावर लिहीत आले की समजेल, उमजेल, जाणवेल हे शब्द उद्दिष्टात चालणार नाहीत. सांगेल, ओळखेल, मोजेल, करून दाखवेल असं लिहा. जे मोजता येत नाही ते शिकवलंच नाही असं धरलं जाईल, हे वाक्य माझं. तू मागच्या बाकावरून म्हणाली होतीस, मग आईची माया कितव्या युनिटमध्ये घ्यायची? सगळे हसले. मी नाही हसले. समन्वयक झाल्यापासून मी नाकानं कांदे सोलत होते, हे मला कळत होतं.

तू पहिल्यांदा लिहिलंस, 'विद्यार्थ्यांना आपल्या शेजारची खण समजेल.' ते मी परत पाठवलं. मग लिहिलंस, 'काठावरून निरीक्षण करून वर्णन करतील.' पुढं त्यात भाषेच्या दुरुस्त्या झाल्या आणि अंतिम पान छापलं गेलं, 'प्रत्येक विद्यार्थी खणीची खोली किमान पाच ठिकाणी मोजून नोंदवेल.' त्या पानावर सही तुझी आहे. मी चौकशीत एवढंच सांगितलं की मी भाषा बघते, आशय शिक्षकाचा असतो. यात खोटं काय?

तक्त्याचं सांगते. तुझ्यावर आळ घेतला तो मागं घेते, कारण मी पासवर्ड बदलला आणि कुणालाही सांगितला नाही. तरी पंधरा तारखेच्या मंगळवारी त्या रकान्यात 'वीस' होतं. काल 'सतरा'. वेळ तीच, अकरा चाळीस. काल तर मी मुद्दाम तक्ता उघडून समोर बसले होते. पापणी लवली असेल तेवढंच. रकान्यात सतरा होतं, जणू कधीचंच. मी पुसलं. ते पुसलं जातं, पुढच्या मंगळवारी पुढचा आकडा येतो.

तिला बावीस फुटांवरून काढलं होतं. हे तू विसरली नसशीलच.

आपले शिपाई ज्ञानूमामा समोर झाडू घेऊन उभे होते. त्यांना विचारलं, माझ्या खोलीत कोण येतं का? ते म्हणाले, कोण न्हाय मॅडम, पण मंगळवारी तुमच्या दारात फरशी वली असती, मी पुसून घेतो. पावसाळा आहे, छप्पर गळत असेल. मी वर बघितलं. छप्पर कोरडं होतं.

रोहिणी


कोल्हापूर
६ ऑगस्ट २०२५

संघप्रिया,

काल क्रांतीची आई आली होती. धोंडुबाई. आजऱ्याच्या काजू कारखान्यात गर निवडतात त्या. बोटांची टोकं काळी पडलेली, हातात कापडी पिशवी. सकाळच्या पहिल्या एसटीनं आल्या आणि थेट माझ्या दारात. प्राचार्यांनी त्यांना दोनदा भेट नाकारली होती, मग ज्ञानूमामांनी त्यांना माझ्याकडं आणलं. का आणलं, ते मी त्यांना विचारलं नाही.

पिशवीतून त्यांनी सुतळीचा गुंडा काढून टेबलावर ठेवला. पोलिसांनी काठावरून उचलून त्यांना परत दिलेला. आजऱ्याच्या बाजारातून मायलेकींनीच आणला होता म्हणे, आणि क्रांतीनं रात्रभर बसून फूटपट्टी लावून एकेका फुटाला गाठ मारली होती. टोकाला दगड बांधायला फास. मी एवढ्या नेटकेपणानं केलेलं प्रात्यक्षिकाचं साहित्य वीस वर्षांत बघितलं नाही. धोंडुबाई म्हणाल्या, मी गाठी मोजल्या, बावीस हायत. त्याच्या म्होरं सुतळीच न्हाय.

त्यांची वही बघायची इच्छा होती. कपाटातून काढून दिली. चार बाजू, चार नोंदी, प्रत्येकीपुढं फूट आणि वेळ. पाचवीला नुसता '५' घालून कंस केलेला आणि पुढं कोरं. खणीला बाजू चारच आहेत, संघप्रिया. पाचव्या नोंदीसाठी मध्ये पाण्यात गेलेल्या कातळावर जावंच लागतं, आणि तो कातळ जानेवारीत शेवाळलेला असतो.

त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून धोंडुबाई म्हणाल्या, "बाई, पोरगी चार मोजून घरला आली असती. पाचवं मोजायला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं की तो विषय शिकवणाऱ्या मॅडम आता इथं नसतात.

"त्यांचं नाव मी कवाच ऐकलंय," त्या म्हणाल्या. "पोरगी त्यांचं गुण गायची. काठावरनं हलायचं न्हाय म्हणून त्या वरडायच्या. म्हणून तर इचारतोय, पाचवं कुणाचं?"

मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. गुंडा पिशवीत घालून त्या गेल्या आणि टेबलावर त्याच्या आकाराचं ओलं वर्तुळ राहिलं. घड्याळात बाराला वीस कमी होते. तक्त्यात 'बारा' आलं होतं.

आकडे उतरताहेत हे तुझ्या लक्षात आलं असेल. पहिल्यांदा मला वाटलं खणीचं पाणी आटतंय. पण पावसाळा आहे, खण काठोकाठ भरलीय, मी खिडकीतून रोज बघते. खोली तेवढीच आहे. मोजणारी वर येतेय.

मला भीती वाटते. याच्याखाली रेघ ओढायची तर ओढ.

रोहिणी


कोल्हापूर
२० ऑगस्ट २०२५

प्रिय संघप्रिया,

या वेळी तू सगळं पत्र तसंच ठेवलंस आणि तळाशी लाल शाईत एकच ओळ लिहिलीस, 'पाच हा आकडा कोठून आला, ते लिहा. गुण ४.'

लिहिते.

प्रात्यक्षिकाला गुण वीस होते. एका नोंदीला चार गुण धरले की पाच नोंदींना वीस होतात आणि बेरीज सुटसुटीत बसते. चार नोंदी धरल्या तर पाच-पाच गुण द्यावे लागले असते आणि माझ्या सगळ्या तक्त्यात प्रत्येक टप्प्याला चारच गुण ठरले होते. तक्ता सगळ्या विभागांना सारखा दिसावा म्हणून पाच. तुझ्या सहीची वाट न बघता मी तो मुलांच्या सूचना फलकावर लावला होता. खणीला किती बाजू आहेत ते मी बघितलं नव्हतं. माझ्या खिडकीतून खण दिसते, संघप्रिया. मी बघितलं नव्हतं.

तो लाल कागद रद्दीत गेलेला नाही. माझ्या घरी, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. तुझं टाइप केलेलं वाक्य, त्यातल्या 'काठावरून'वर माझी काट, आणि वर माझ्या हातचं, 'खोली किमान पाच ठिकाणी मोजून नोंदवतील.' खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख. चौकशीच्या आदल्या दिवशी मी तो फायलीतून काढला.

आणि त्या दिवसाचं. एकवीस जानेवारी, मंगळवार. तू मुलांना घेऊन काठावर होतीस. मी ज्ञानूमामांना धाडलं, मॅडमना म्हणावं असाल तशा या. विद्यापीठात दुपारी एकपर्यंत फाईल द्यायची होती. छत्तीस पानं, प्रत्येकावर पेन्सिलची फुली, आपल्याकडं सगळे करतात तशा सह्या. तू म्हणालीस, मुलं पाण्याजवळ आहेत, उद्या करते. मी म्हटलं, दहा मिनिटं लागतात, वाचत बसू नकोस. तू वाचलं नाहीस. अंतिम उद्दिष्टाच्या पानावर तू सही केलीस तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं, एकचा हिशेब करायला. अकरा चाळीस. तेवढ्यात मागून पोरांचा ओरडा आला.

मी चौकशी समितीला सांगितलं की तू परवानगीशिवाय वर्ग सोडून आली होतीस.

का, तर घाबरले. प्राचार्य उदयसिंह सरांनी मला बसवून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "रोहिणी मॅडम, एक नाव द्यावं लागणार आहे. तुमच्या सासऱ्यांचे भाऊ संस्थेवर आहेत. संघप्रियांचं कोण आहे?" एवढंच. त्यांनी पुढं काही सांगितलं नाही आणि मला पुढचं कळलं. तूच एकदा म्हणाली होतीस, इथं तुम्हा सगळ्यांचं कोण ना कोण बसलंय, माझी नुसती फाईल बसलीय. मी तुझी तेवढी फाईलसुद्धा राहू दिली नाही.

आता ऐक, घाईचं आहे. तुझी शेवटची सुनावणी बारा सप्टेंबरला ठेवलीय. आणि तो कागद बदलतोय. काल शालूतून काढला तर माझी लाल शाई फिकी पडलीय. तुझं टाइप केलेलं काळं कुळकुळीत आहे, फक्त माझंच उडतंय. कागद ओलाही नाही. काल तक्त्यात 'सात' होतं. ती जसजशी वर येतेय तसतशी माझी शाई जातेय.

बाराला तू ये. मी कागद देईन.

रोहिणी


कोल्हापूर
१० सप्टेंबर २०२५

प्रिय संघप्रिया,

तुझं कार्ड मिळालं. 'मी येणार नाही. तुम्ही सगळे मिळून फुल्या मारा.' बरोबर आहे. तुझ्या जागी मीही आले नसते.

वाईट वाटतं, पश्चात्ताप होतो, हे आता लिहीत नाही. तपासता येईल असं लिहिते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी चौकशी समितीसमोर उभी राहीन. लाल खुणांचा कागद टेबलावर ठेवेन. पाच हा आकडा माझा, हे सांगेन. तुला काठावरून मी बोलावलं, हे सांगेन. त्यानंतर धोंडुबाईंना कळवेन. यातलं काय केलं आणि काय नाही, ते तू स्वतः गुण देऊन ठरव.

काल 'एक' आलं. माझ्या खोलीच्या दारात आता फरशी पुसली तरी वाळत नाही. ज्ञानूमामा म्हणतात, मॅडम, उंबऱ्यापातूर आलंय.

रोहिणी


कोल्हापूर
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय संघप्रिया,

तू नव्हतीस, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

शुक्रवारी समितीचे तिघे आणि प्राचार्य बसले होते. मी उभी राहिले. प्लॅस्टिकच्या पाकिटातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. आदल्या संध्याकाळी त्यावर गुलाबी छटा तरी होती. टेबलावर ठेवला तेव्हा काहीच उरलं नव्हतं. तुझं वाक्य छापल्यासारखं स्वच्छ, 'काठावरून निरीक्षण करून वर्णन करतील.' काट नाही, पाच नाही, माझी आद्याक्षरं नाहीत. नुसतं कोरं.

प्राचार्यांनी कागद उलटा-सुलटा केला. म्हणाले, यात तर दुरुस्ती कुठंच दिसत नाही मॅडम, तुमची प्रकृती बरी नाही, बसा. सुंठीवाचून खोकला गेल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आणि खरं सांगते, माझ्याही मनात एक क्षण तेच आलं. पुरावा राहिलेला नाही. मी बसले असते तर सुटले असते. खुर्ची मागंच होती, तिची कड माझ्या पोटऱ्यांना लागत होती.

समितीतल्या बाईंपुढं लाल पेन होतं. मी ते मागून घेतलं. त्याच कागदावर, त्याच जागी, 'काठावरून'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'खोली किमान पाच ठिकाणी मोजून नोंदवतील.' खाली सही केली. आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव. तारीख घातली बारा सप्टेंबर, आणि कंसात लिहिलं की जानेवारीत हेच मी लिहिलं होतं. मग तुला बोलावल्याचं सांगितलं. प्राचार्य म्हणाले, याला साक्षीदार कोण? ज्ञानूमामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ट्रे न ठेवता ते म्हणाले, "व्हय साहेब. मलाच धाडलंतं."

काल मला निलंबनाचं पत्र मिळालं. तुझं मागं घेतल्याचं तुला रजिस्टरनं येईल. नाही आलं तर या पत्रासोबत त्या कागदाची समितीचा शिक्का घेतलेली प्रत जोडलीय, ती वापर. घरी सगळे माझ्याशी बोलायचे थांबलेत. सासऱ्यांचे भाऊ म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला एवढं शिकवलं होतं का.

आज सकाळी चार्ज द्यायला कॉलेजात गेले. धोंडुबाईंना मी आजच बोलावलं होतं. त्या साडेअकराला आल्या, बसल्या नाहीत. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, पाचवं मी सांगितलं. खण न बघता सांगितलं. बेरीज बसावी म्हणून सांगितलं. आणि मॅडमना काठावरून मीच उठवून आणलं.

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची क्रांतीची वही कोऱ्या ओळीपाशी उघडली. मग पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवला. तो पाण्यानं निथळत होता. बर्फासारखा गार. माझ्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत आलं.

"दर मंगळवारी ही वली हुती," त्या म्हणाल्या. "घरात, फळीवर ठेवल्याली. आठ म्हैनं मी दांडीवर वाळत घालतोय. आता तुमी घाला."

आणि त्या गेल्या. दारात फरशी ओली होती तिथं त्यांनी पाय मोठा टाकला, कुणावर तरी पाय पडू नये म्हणून टाकावा तसा.

मी तक्ता उघडला. अकरा चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. पाचवा रकाना मोकळा होता. आकडा नाही, मी घातलेलं 'अनुपस्थित'सुद्धा नाही. मी तो तसाच ठेवून दुसऱ्यांच्या हवाली केला. चार नोंदींचे सोळा गुण तिला दिलेत. ते तिचे होतेच.

सुतळी आता माझ्या गॅलरीत दांडीवर आहे. बावीस गाठी मोजल्या. दुपारच्या उन्हात वाळली. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा ओली होईल, आणि मी ती पुन्हा वाळत घालेन. त्याच्या पुढच्याही. किती मंगळवार, ते मी यात घातलेलं नाही.

पत्राला डाव्या बाजूला मोठा समास सोडलाय. तपासून परत पाठव.

रोहिणी